मंडळाच्या नोंदणीची वही : डिचोली (गोवा), २०२३ ते २०२५

११ जून २०२३

मंडळ नोंदवायचं ठरलं. वाड्यावरचं आमचं नाट्य आणि भजनी मंडळ आजोबांच्या पिढीपासून चालत आलंय, पण सरकारदरबारी त्याचा कुठे मागमूस नाही. पैसे दोघा ज्येष्ठांच्या संयुक्त खात्यात होते. त्यातले एक वारले आणि बँकेने वारसांच्या सह्या मागितल्या. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, म्हणजे अर्ध्यावर त्यांच्या पत्नीचा, काकींचा हक्क आणि उरलेल्या अर्ध्यावर मुलांचा. हार्मोनियमच्या दुरुस्तीचे पैसे काढायला काकींच्या मुंबईतल्या मुलीची सही लागावी, हे आता पुरे झालं. दुसरं कारण अनुदानाचं. नोंदणी नसली तर अर्जच घेत नाहीत.

कायदा १८६० चा, संस्था नोंदणीचा. सात माणसं पुरतात. आम्ही अकरा घेतली, कारण सातातला एक जरी ऐनवेळी बोटीवरच्या नोकरीला निघून गेला तर पंचाईत.

मराठीत यावर जी माहिती मिळते ती जवळजवळ सगळी महाराष्ट्राची. तिकडे संस्था नोंदवली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही यावं लागतं आणि मग धर्मादाय आयुक्त. तो कायदा गोव्यात लागू नाही, त्यामुळे तो अधिकारीही नाही. आपलं काम जिल्हा निबंधकाकडे. गोव्यातल्या माणसाने असं काही वाचताना निम्मी पानं सोडून द्यावीत.

१८ जून

घटनेचा मसुदा. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुण्याकडच्या एका संस्थेची घटना पाठवली होती. नाव बदललं की झालं, असं बहुमत. वाचायला घेतली तर पानोपानी धर्मादाय आयुक्त. कार्यकारिणी बदलली की कळवा त्यांना, जमीन विकायची तर परवानगी त्यांची. जिथे हा उल्लेख तिथे सरसकट रेघ मारत गेलो. विसर्जनाचं कलमही ‘धर्मादाय आयुक्तांच्या आदेशानुसार’ असं संपत होतं, म्हणून तेही अख्खं गेलं. (ही रेघ पुढे महागात पडली. २४ सप्टेंबर २०२४ ची नोंद पाहा.)

खरी वादावादी उद्देशांवरून झाली. मास्तरांसकट सगळ्या ज्येष्ठांचा आग्रह की ‘ग्रामदेवतेचा उत्सव साजरा करणे’ हा पहिला उद्देश हवा. सभेला देवळाचे एक महाजनही होते. त्यांनी तिथेच सांगितलं, उत्सव देवस्थानचा आहे. पोर्तुगीज काळातल्या देवस्थान नियमावलीप्रमाणे देवळाचा कारभार महाजनांची समिती बघते, वर देखरेख मामलेदाराची. उद्या मंडळाने उत्सव आपला म्हणून घटनेत लिहिला तर पावणीच्या (देवळातल्या लिलावाच्या) पैशांवरून भांडण लागायला वेळ लागणार नाही. तडजोड अशी झाली की नाटक, भजन-गायन, घुमट (मातीचं चर्मवाद्य), रणमाले (लोकनाट्य) यांचं शिक्षण आणि सादरीकरण हे मुख्य उद्देश, आणि शेवटी सातव्या क्रमांकावर ‘ग्रामदेवतेच्या वार्षिक उत्सवास साहाय्य करणे’. ज्येष्ठ खूश. सीएला तेव्हा कुणी विचारलं नाही, कारण सीए तेव्हा नव्हताच.

२ जुलै

कार्यालयाचा पत्ता. मंडळाची स्वतःची खोली नाही, म्हणून चिटणीसाच्या घराचा पत्ता द्यायचं ठरलं. ते घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचं. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भाटकाराचं (जमीनमालकाचं), पंचायतीच्या घरपट्टीवर चिटणीसाच्या वारलेल्या आजोबांचं आणि विजेचं बिल त्याच्या वडिलांच्या नावावर. नुसत्या ना-हरकतीसाठी एवढ्या खोलात शिरावं लागेल असं वाटलं नव्हतं. शेवटी पत्ता बदलून खजिनदार बाईंच्या घराचा दिला. घरपट्टी आणि वीजबिल दोन्ही त्यांच्या यजमानांच्या नावावर. ना-हरकत पत्रावर दोघांच्याही सह्या घेतल्या, कारण घर दोघांचं. कुणी मागितलं नव्हतं, पण गोव्यात घराच्या कागदावर एकाच जोडीदाराची सही दिसली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

ज्यांना हे करायचंय त्यांनी पत्ता पहिल्यांदा पक्का करावा. तो मेमोरँडमवर (संस्थेच्या स्थापनापत्रावर), पॅनवर, बँकेत, आयकरात, सगळीकडे जातो.

१७ जुलै

कागद दिले. मेमोरँडम, नियमावली (कार्यकारिणीच्या किमान तिघांनी खरी प्रत म्हणून सही केलेली), संस्थापकांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र. सगळं इंग्रजीत. मराठी प्रत सभासदांसाठी वेगळी छापली.

२८ जुलै

हरकत आली. नावात आम्ही ‘गोवा राज्य’ घातलं होतं. सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल असं नाव १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याने चालत नाही. वाड्याच्या मंडळाला राज्य हवंच कशाला, हे मास्तरांनी आधीच विचारलं होतं. शब्द काढला. पण नाव प्रत्येक पानावर, त्यामुळे सगळं परत छापून परत सह्या. दोघे संस्थापक तोवर मुंबईला गेले होते.

२१ ऑगस्ट

प्रमाणपत्र मिळालं. पेढे.

१४ सप्टेंबर

पॅन. एजंटने अर्जात संस्थेचा प्रकार ‘फर्म’ टाकला. कार्डावरचं चौथं अक्षर मालकाचा प्रकार सांगतं : व्यक्ती असेल तर पी, कंपनीला सी, फर्मला एफ, न्यासाला टी, व्यक्तिसमूहाला ए. आमच्यावर एफ आलं आणि बँकेतल्या बाईंनी ते क्षणात हेरलं. भागीदारी पत्र आणा म्हणाल्या. चौथं अक्षर दुरुस्त होत नाही, नवाच पॅन घ्यावा लागतो आणि जुना परत करायचा. कार्डाची फी १०७ रुपये, एजंटने घेतले त्याच्या कितीतरी पट. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो. दुसऱ्यांदा तसाच भरला.

२७ सप्टेंबर

चवथीत (गणेशचतुर्थीला, १९ तारखेला) मुलांच्या घुमट पथकाची आरती झाली. नोंदणीनंतरचा मंडळाचा हा पहिला कार्यक्रम. तारीख लिहून ठेवा, तिचं काम पुढे पडतं.

आज आयकराच्या पोर्टलवर नोंदणीचा फॉर्म १०ए भरला. एक अर्ज १२ए साठी (संस्थेला करमाफी), दुसरा ८०जी साठी (देणगीदाराला करात वजावट). फॉर्म तोच, पण अर्ज दोन. सरकारी फी नाही. घाई केली, कारण १ ऑक्टोबरपासून नियम बदलतोय : ज्या संस्थेचं काम सुरू झालंय तिला हंगामी नोंदणी न देता थेट कायम नोंदणीचा फॉर्म १०एबी भरायला लावणार. आता नव्याने करणाऱ्यांनी हे धरून चालावं. जोवर कार्यक्रम केला नाही तोवरच हंगामी नोंदणी.

१९ ऑक्टोबर

दोन्ही हंगामी आदेश आले. तीन वर्षांचे. पडताळणी नाममात्र, म्हणूनच हंगामी.

१२ नोव्हेंबर

बँक खातं उघडलं. दोन सह्या, त्यातली एक खजिनदाराची असलीच पाहिजे, असा ठराव. पूर्वीची सव्वा लाखाची ठेव गावातल्या पतसंस्थेत होती, व्याज बरं मिळायचं. सीएने (आता सीए नेमलाय, वर्षाचे १२,००० रुपये) ती मोडायला लावली. संस्थेचा पैसा कुठे ठेवायचा ते आयकर कायद्याचं कलम ११(५) सांगतं. त्यात शेड्यूल्ड बँक आहे, बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था आहे. साधी पतसंस्था त्यात बसते का, यावर वाद घालत बसण्यापेक्षा ठेव हलवा, असा त्याचा सल्ला. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कमी मिळालं. पतसंस्थेचे चेअरमन आमचेच सभासद, त्यामुळे थोडा रुसवाही पदरात पडला.

२० जानेवारी २०२४

सगळ्यात अवघड प्रकरण. वाड्यावरचा एक मुलगा इंग्लंडात, स्विंडनला असतो. त्याने पडद्यांसाठी ५०,००० रुपये पाठवले, तेही भारतातल्या त्याच्या रुपया खात्यातून. सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर हात जोडले. सीएने एकच विचारलं : पासपोर्ट कुठला?

पोर्तुगीज. गोव्यातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट. १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्या पासपोर्टवर मंडळी इंग्लंडला गेली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. तेव्हा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या नजरेत आपला हा मुलगा परदेशी स्रोत, आणि त्याची देणगी परदेशी देणगी. ती रुपयांत आली, भारतातल्या बँकेतून आली, याने काही फरक पडत नाही. उलट भारतीय पासपोर्टवर दुबईत किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ते परदेशी योगदान धरत नाहीत.

एफसीआरए नोंदणी मागायची तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत उद्देशांवर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. आमचा वर्षाचा खर्च तीन लाखांच्या आत-बाहेर. पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण त्यालाही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं लागतं. पडद्यांसाठी दिल्लीत खातं!

कुणीतरी सुचवलं की पैसे त्याच्या आईच्या खात्यात टाकू आणि तिच्या नावाने पावती फाडू. आई भारतीय नागरिक. सीएने हात वर केले. पैसा त्याचाच, मधे फक्त आईचं नाव, म्हणजे पळवाट, आणि पकडली गेली तर १२ए सुद्धा अडचणीत. रक्कम त्याच खात्यात परत केली, बँकेचा पुरावा आणि कार्यकारिणीचा ठराव फाइलला लावला. मुलाला फोन मास्तरांनी केला. तो दुखावला, साहजिक आहे. आपल्याच गावाला आपण परके कसे, असं म्हणाला. त्याला उत्तर नव्हतं.

देणगी पावतीपुस्तक नवं छापलं. आता देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन यांच्याबरोबर ‘नागरिकत्व’ असा रकाना आहे. गोव्यातल्या प्रत्येक संस्थेने तो पहिल्या दिवसापासून ठेवावा.

३१ मार्च

वर्षअखेर. तीन प्रकारची आवक एकाच वहीत ‘देणगी’ म्हणून लिहिलेली सापडली. खऱ्या देणग्या, नाटकाची तिकिटं आणि स्मरणिकेतल्या जाहिराती. जाहिरात देणाऱ्या दुकानदाराला ८०जीची पावती देता येत नाही, त्याला मोबदल्यात जाहिरात मिळाली. तिकिटं आणि जाहिराती मिळून एकूण आवकेच्या २० टक्क्यांवर गेल्या तर कला-संस्कृतीसारख्या ‘सार्वजनिक उपयुक्ततेच्या’ संस्थेची करमाफी त्या वर्षापुरती जाऊ शकते. आमचं १७ टक्क्यांवर थांबलं. डिसेंबरचा दुसरा प्रयोग रद्द झाला होता, नाहीतर कठीण होतं.

रोखीबद्दल : २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जी मिळत नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. मंडपवाल्याला चेक घ्यायला शिकवणं हे वर्षातलं सगळ्यात कष्टाचं काम ठरलं.

२ मे

हंगामी नोंदणीनंतर कायम नोंदणीचा अर्ज, म्हणजे १०एबी, कधी करायचा? हंगामी मुदत संपण्याआधी सहा महिने, किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल ते. आम्ही सगळे ‘तीन वर्षं आहेत’ म्हणून निवांत होतो. चवथीची आरती १९ सप्टेंबरची, म्हणजे मुदत मार्चमध्येच सरली. सीएच्याही लक्षात आलं नाही, त्याच्याकडे बहुतेक कामं दुकानांची.

नशिबाने २५ एप्रिलला प्रत्यक्ष कर मंडळाचं परिपत्रक निघालं आणि १०ए, १०एबीची मुदत ३० जूनपर्यंत वाढली. असं परिपत्रक दरवेळी निघत नसतं.

२९ मे

१०बीडी भरला, म्हणजे वर्षभरातल्या देणगीदारांची यादी. शेवटची तारीख ३१ मे, उशिराला दिवसाला २०० रुपये. यादी गेल्यावर पोर्टलवरूनच १०बीई प्रमाणपत्रं निघतात, तीच देणगीदाराला द्यायची. नुसत्या पावतीवर आता वजावट मिळत नाही. चौदा जणांचे पॅन नव्हते, त्यांच्या घरी जाऊन आणले. त्यातल्या नऊ जणांनी सांगितलं की ते नव्या करपद्धतीत आहेत, त्यांना ८०जीचा फायदाच नाही. एवढा आटापिटा किती लोकांसाठी, हे आधी विचारून घ्यायला हरकत नव्हती.

१४ जून

१०एबी दोन्ही भरले. हिशेब, कार्यक्रमांचे फोटो, घटना, सगळं जोडलं.

२८ जुलै

पहिली वार्षिक आमसभा. संस्था नोंदणी कायद्याचं कलम ४ : आमसभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाला द्यायची. साधी यादी, नाव-पत्ता-व्यवसाय. दरवर्षी. पदाधिकारी तेच राहिले तरीही. शेजारच्या गावातल्या एका मंडळाने वर्षानुवर्षं दिली नव्हती आणि अनुदानाच्या वेळी अद्ययावत यादीची प्रत मागितल्यावर त्यांची धावपळ झाली. आम्ही ५ ऑगस्टला दिली, पोच घेतली.

२४ सप्टेंबर

आयकराची नोटीस. सगळं पोर्टलवर, समोर माणूस नाही. दोन मुद्दे. एक, उद्देश क्रमांक ७ धार्मिक दिसतो, ८०जी कसं द्यावं? दोन, संस्था विसर्जित झाली तर शिल्लक मालमत्ता कुणाकडे जाणार याचं कलम घटनेत नाही.

८०जीला धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत चालतो, आणि आमचा तेवढाही नव्हता. देवळाला आम्ही वर्षाला एक समई दिली असेल. पण घटनेत स्वतंत्र उद्देश म्हणून लिहिलं की हिशेब दाखवून भागत नाही. विसर्जनाचं संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहेच : शिल्लक सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या संस्थेलाच द्यावी लागते. तेही त्यांना घटनेत लिहिलेलं हवं. मुदत मागून घेतली.

१३ ऑक्टोबर

पहिली विशेष सभा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. उद्देश बदलायची त्याच कायद्यातली कलम १२ ची रीत अशी : प्रस्ताव लेखी छापून सभासदांना द्यायचा, सभेची सूचना दहा दिवस आधी, पहिल्या सभेत एकूण सभासदांच्या तीन पंचमांश मतं, आणि महिन्याने दुसरी सभा घेऊन तिथे हजर असलेल्यांच्या तीन पंचमांशांनी शिक्कामोर्तब.

एकूण सभासद ६२, म्हणजे ३८ मतं हवीत. एवढी माणसं आमच्या सभेलाच काय, नाटकाच्या तालमीलाही येत नाहीत. इथे कलम १५ उपयोगी पडलं. ज्याची वर्गणी तीन महिन्यांवर थकलीय त्याला मत नाही आणि तो मोजणीतही धरत नाहीत. खजिनदार बाईंची वही चोख, थकबाकीदार १५ निघाले. उरले ४७, मतं हवीत २९. पहिल्या सभेला मुखत्यारपत्रही चालतं, बोटीवरच्या पोरांकडून ती आधीच मागवून ठेवली होती. ३३ मतं पडली. थकबाकीदारांपैकी दोघे भडकले आणि दुसऱ्या दिवशी वर्गणी भरून गेले.

मास्तरांनी सातवा उद्देश काढायच्या बाजूने मत दिलं, पण इतिवृत्तात ‘खेदपूर्वक’ असं लिहायला लावलं. लिहिलं.

१७ नोव्हेंबर

दुसरी सभा. हजर २१, विरोधात कुणी नाही. दोन्ही सभांची इतिवृत्तं आणि दुरुस्त घटना निबंधकाकडे.

९ डिसेंबर

दुरुस्तीची प्रमाणित प्रत हाती आली. त्याच संध्याकाळी पोर्टलवर चढवली. फाइल मोठी म्हणून दोनदा नाकारली, स्कॅन काळ्यापांढऱ्यात केल्यावर गेली.

२६ डिसेंबर

१२ए आणि ८०जी, दोन्ही कायम आदेश. पाच वर्षांचे.

८ फेब्रुवारी २०२५

स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नोंद. खाण कंपनीच्या सीएसआरची (सामाजिक कामासाठीच्या पैशांची) आशा लावून बसलेल्यांसाठी : १२ए, ८०जी, सीएसआर-१ फॉर्म, शिवाय तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. आम्ही २०२६ च्या ऑगस्टआधी त्या रांगेत नाही.

अनुदानाचा अर्ज दिला. हिशेब तपासलेले असल्यामुळे यावेळी नुसत्या पोचेवर काम झालं. अर्थसंकल्पात लहान संस्थांची आयकर नोंदणी पाचऐवजी दहा वर्षं करायचा प्रस्ताव आहे, पण आमचा आदेश आधीचा.

१० ऑगस्ट

आमसभा, नवी कार्यकारिणी. चिटणीस बोटीवर गेला, त्याच्या जागी त्याची बहीण. संध्याकाळी पोर्टल उघडलं तर ओटीपी अजून त्याच्याच मोबाइलवर, आणि तो मोबाइल समुद्रात कुठेतरी बंद. १०बीबी (लेखापरीक्षण अहवाल) आणि आयटीआर-७ (संस्थेचं विवरणपत्र) समोर उभे. पॅनवर नोंदलेला इमेल सुदैवाने मंडळाचा होता, त्यावरून पासवर्ड बदलता आला. मुख्य संपर्क व्यक्ती बदलायला पुढचा आठवडा गेला. आता ठराव केलाय की पोर्टलवर मंडळाचंच एक सिम राहील आणि ते खजिनदार बाईंच्या कपाटात असेल. रिचार्ज महिना १९९ रुपये, किरकोळ खर्चात.

२२ ऑगस्ट

कलम ४ ची यादी दिली, पोच फाइलला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. वर लिहिलेले कलमांचे आणि फॉर्मचे आकडे तेव्हा बदलतील, तारखा लावताना नवे बघून घ्या. सीएचे या वर्षीचे पैसे १५,०००. चवथ बुधवारी, घुमटाचं कातडं सैल झालंय ते आधी बघायला हवं.